पवनविजेचे आद्य शिक्षक

पवनचक्कीपासून वीज निर्माण करणारे संशोधक म्हणून पॉल ला कूर यांचे नाव आदराने घेतले जाते. त्या चक्क्या सांभाळणारे हात घडविण्याचे त्यांचे कार्यही तितकेच मोलाचे आहे. डेन्मार्कमध्ये १८४६ साली जन्मलेले ला कूर मूळचे हवामानशास्त्रज्ञ. देशाच्या हवामान संस्थेत ते उपसंचालक होते. तारायंत्रातही त्यांनी महत्त्वाचे शोध लावले. मात्र १८७८ मध्ये राजधानीतील प्रतिष्ठा सोडून ते आस्कोव्ह या खेड्यातील लोकविद्यालयात शिक्षक झाले.

१८९१ मध्ये सरकारी अनुदानातून त्यांनी तेथे वीज निर्माण करणारी प्रायोगिक पवनचक्की उभारली. वारा पडला की वीज थांबे. म्हणून त्या विजेने पाण्याचे विघटन करून ते हायड्रोजन साठवीत आणि त्यावर विद्यालयातील दिवे उजळीत. सावकाश फिरणाऱ्या अनेक पात्यांपेक्षा वेगाने फिरणारी मोजकी पाती वीजनिर्मितीस अधिक उपयुक्त ठरतात, हेही त्यांनी प्रयोगांती दाखविले.

शहरे विजेने उजळू लागली, तरी खेडी अंधारातच होती. तेथे यंत्राइतकीच जाणत्या कारागिराचीही गरज होती. १९०४ पासून ला कूर यांनी ग्रामीण तरुणांना वीजतंत्रज्ञ म्हणून तयार करणारे अभ्यासवर्ग चालविले. १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्या वर्गातील आरंभीचे एक विद्यार्थी योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे तीन पात्यांची, २०० किलोवॉट क्षमतेची पवनचक्की उभारली. तिचाच आराखडा पुढे डॅनिश पवनउद्योगाचा पाया ठरला. गुरूंनी खेड्यात दिलेले शिक्षण असे अर्धशतकानंतर फळास आले.