अमृता शेरगिल : अल्प आयुष्य आणि जपलेला वारसा

लाहोर येथे ५ डिसेंबर १९४१ रोजी रात्री अमृता शेरगिल यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय अवघे २८ वर्षांचे होते. त्याच महिन्यात त्या शहरात त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरावयाचे होते. घराच्या गच्चीवरून दिसणारे दृश्य त्या रंगवीत होत्या. ते चित्र अपूर्णच राहिले. आधुनिक भारतीय चित्रकलेचा पाया घालणाऱ्यांमध्ये आज त्यांची गणना होते. या स्थानाचे श्रेय अर्थातच त्यांच्या कुंचल्याचे आहे. परंतु त्यांच्या पश्चात ज्यांनी ही चित्रे, पत्रे आणि छायाचित्रे सांभाळली, त्यांचा वाटाही लहान नाही.

बुडापेस्ट, सिमला, पॅरिस

अमृता यांचा जन्म ३० जानेवारी १९१३ रोजी हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे झाला. वडील उमरावसिंह शेरगिल हे पंजाबातील मजिठिया घराण्यातील सरदार. संस्कृत व फारसीचे व्यासंगी आणि छायाचित्रणाचे निस्सीम छांदिष्ट. आई मारी आंत्वानेत या हंगेरियन गायिका होत्या. १९२१ मध्ये हे कुटुंब भारतात आले आणि सिमल्यात स्थायिक झाले. मुलीचे चित्रकलेतील गुण पाहून १९२९ मध्ये आईवडील तिला पॅरिसला घेऊन गेले. तेथील एकोल दे बोझार या कलासंस्थेत ल्युसियाँ सिमाँ यांच्या हाताखाली त्यांनी शिक्षण घेतले. १९३२ मधील ‘तरुण मुली’ या चित्राला पुढील वर्षी पॅरिसच्या सालाँ प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले.

युरोपात नाव होऊ लागले असतानाच आपले खरे कार्यक्षेत्र भारत आहे, अशी त्यांची धारणा झाली. १९३४ च्या अखेरीस त्या परतल्या. ‘तीन मुली’ आणि ‘डोंगरी स्त्रिया’ ही चित्रे त्यानंतरच्या वर्षातील आहेत.

मुंबईतील परिचय

१९३६ च्या अखेरीस चित्रांच्या प्रदर्शनानिमित्त अमृता मुंबईत आल्या. येथेच कायदेपंडित व कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला. खंडालावाला यांनी त्यांना मोगल व पहाडी लघुचित्रांची गोडी लावली. याच प्रवासात त्यांनी अजिंठा व वेरूळची लेणी पाहिली आणि पुढे दक्षिण भारत गाठला. ‘वधूचा शृंगार’, ‘ब्रह्मचारी’ आणि ‘बाजाराला निघालेले दक्षिण भारतीय ग्रामस्थ’ ही १९३७ मधील तीन चित्रे म्हणजे या प्रवासाचे फलित होय. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीने ‘तीन मुली’ या चित्राला सुवर्णपदक दिले.

पुढे अमृता आपल्या चित्रांविषयी खंडालावाला यांना पत्रांतून सविस्तर लिहीत असत. चित्रकाराने स्वतः आपल्या कामाविषयी लिहून ठेवलेली अशी पत्रे नंतर अभ्यासकांना फार मोलाची ठरली.

जळालेली पत्रे

१९३८ मध्ये अमृता हंगेरीला गेल्या आणि तेथे आपले मावसभाऊ डॉ. व्हिक्टर एगान यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. त्या दूर असताना त्यांनी घरी ठेवलेली जुनी पत्रे आईवडिलांनी जाळून टाकली. त्यांत पंडित जवाहरलाल नेहरू यांची काही पत्रेही होती. हे कळल्यावर अमृता यांनी वडिलांना पत्र लिहून आपले दुःख कळविले. त्यांचे हे पत्र मात्र टिकून राहिले. कुटुंबाची अब्रू राखण्याच्या काळजीपोटी एका कलावंताच्या आयुष्याचा काही भाग कायमचा पुसला गेला, हे त्यावरून समजते.

याच उमरावसिंहांनी मुलीची अगणित छायाचित्रेही काढली होती. बालपणापासून पॅरिस व सिमल्यापर्यंतच्या तिच्या आयुष्याची नोंद त्यांत आहे. एकाच पित्याच्या हातून वारशाचा एक भाग नष्ट झाला आणि दुसरा भाग निर्माण झाला.

मृत्यूनंतरची वर्षे

१९३९ मध्ये हे दांपत्य भारतात आले. गोरखपूरजवळील सराया येथील कुटुंबाच्या मालमत्तेवर काही काळ राहून १९४१ मध्ये ते लाहोरला गेले. अमृता यांच्या निधनाच्या सुमारासच ब्रिटनने हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारले आणि डॉ. एगान यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून अटक झाली. १९४४ मध्ये खंडालावाला यांचा अमृता यांच्यावरील ग्रंथ मुंबईत प्रसिद्ध झाला. पुढे देशाची फाळणी झाली. १९४८ मध्ये आईचेही निधन झाले.

अशा उलथापालथीत एखाद्या चित्रकाराचे काम सहज विखुरले जाते. येथे तसे घडले नाही. स्वातंत्र्यानंतर वडिलांनी व पतीने आपल्याकडील चित्रे भारत सरकारच्या स्वाधीन केली. मार्च १९५४ मध्ये नवी दिल्लीतील जयपूर हाऊसमध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले, तेव्हा हा संग्रह त्याच्या पायाशी होता. अमृता यांच्या ज्ञात चित्रांची संख्या दोनशेच्या आत आहे. त्यांपैकी शंभराच्या आसपास या संग्रहालयात आहेत. उमरावसिंहांचे निधनही १९५४ मध्येच झाले.

कायद्याचे संरक्षण

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये केंद्र सरकार दिवंगत कलावंतांच्या कृतींना राष्ट्रीय कलानिधी म्हणून घोषित करू शकते. कलावंत हयात असेपर्यंत अशी घोषणा करता येत नाही. १९७६ मध्ये अमृता शेरगिल यांच्या कृतींना हा दर्जा मिळाला. त्यामुळे भारतात असलेली त्यांची चित्रे खासगी मालकाला देशाबाहेर विकता येत नाहीत. १९७८ मध्ये भारतीय टपाल खात्याने ‘डोंगरी स्त्रिया’ या चित्राचे तिकीट काढले.

अस्सल कसे ओळखावे

वारसा जपण्याइतकाच तो अस्सल असल्याचे सिद्ध करण्याचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमृता यांचे १९३७ मधील ‘गोष्ट सांगणारी’ हे चित्र लिलावात ६१ कोटी ८० लाख रुपयांना विकले गेले. भारतीय चित्राला मिळालेली ती तोपर्यंतची सर्वोच्च किंमत होती. मार्च २०२५ मध्ये एम. एफ. हुसेन यांच्या चित्राने तो विक्रम मोडला. किंमत एवढी वाढली की नक्कल करणाऱ्याचा मोहही वाढतो. २०११ मध्ये कोलकाता येथे रवींद्रनाथ टागोर यांच्या नावाने मांडलेल्या चित्रांच्या अस्सलपणावरून मोठा वाद झाला होता. जामिनी राय यांनी तर एकच विषय पुनःपुन्हा रंगविला आणि मदतनीसांचेही साहाय्य घेतले. त्यामुळे त्यांच्या चित्रांची पारख अधिकच अवघड होते.

केवळ स्वाक्षरी पाहून निर्णय देता येत नाही. चित्र कोणाकडून कोणाकडे गेले, कोणत्या प्रदर्शनात मांडले गेले, पत्रांत त्याचा उल्लेख आहे काय, कापड व रंग त्या काळाशी जुळतात काय, हे सर्व तपासावे लागते. तुलनेसाठी निःसंशय अस्सल चित्रेही हवीत. अमृता यांच्या बाबतीत ही सामग्री मोठ्या प्रमाणात उपलब्ध आहे. त्यांची चित्रे मुळात मोजकी, आणि त्यांचा मोठा हिस्सा थेट कुटुंबाकडून एकाच सार्वजनिक संस्थेत आला.

या कामात त्यांचे भाचे, चित्रकार विवान सुंदरम यांचा वाटा मोठा आहे. त्यांचा जन्म मावशीच्या निधनानंतर, १९४३ मध्ये झाला. आजोबांनी काढलेल्या छायाचित्रांतून त्यांनी एक नवी चित्रमालिका साकारली आणि २०१० मध्ये अमृता यांची पत्रे व लेखन दोन खंडांत संपादित करून प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये त्यांचेही निधन झाले.

प्रत्यक्ष आठवण सांगू शकणारी पिढी आता उरलेली नाही. यापुढे एखाद्या चित्राबद्दल शंका निर्माण झाली, तर उत्तर या कागदपत्रांतून आणि जयपूर हाऊसमधील चित्रांतूनच मिळवावे लागेल. एका पित्याने व एका पतीने आपल्या दुःखाच्या काळात चित्रे एकेक करून विकून टाकली नाहीत, म्हणून हे उत्तर शोधण्याची सोय आज देशाकडे आहे.