सोलापूरचा पॉली

सोलापूरची ओळख करून देताना आपण चादर सांगतो, शेंगाचटणी सांगतो, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा सांगतो. पॉली उम्रीगरांचे नाव मात्र सहसा कुणाच्या ओठावर येत नाही. आणि जिथे येते, तिथे जुनी मंडळी हटकून फ्रेड ट्रूमनची आठवण काढतात. ट्रूमनच्या वेगापुढे उम्रीगर मागे सरकत, असे म्हणून विषय मिटवला जातो. मी सोलापूरकर, मला हा न्याय कधीच पटलेला नाही.

पहलन रतनजी उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ चा. वडिलांचा कपड्याचा व्यवसाय. गिरण्यांच्या भोंग्यावर उठणाऱ्या आपल्या गावात या पारशी मुलाचे बालपण गेले. शाळकरी वयातच कुटुंब मुंबईला गेले आणि १९४४ मध्ये, अठराव्या वर्षी, तो पारशी संघातून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागला. १९४८ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध विद्यापीठांच्या संघाकडून त्यांनी नाबाद ११५ धावा केल्या आणि त्याच डिसेंबरात मुंबईला पहिली कसोटी खेळली.

फेब्रुवारी १९५२. मद्रासला इंग्लंडविरुद्धची कसोटी. हेमू अधिकारी जखमी झाले म्हणून उम्रीगरांना ऐनवेळी जागा मिळाली. त्यांनी नाबाद १३० धावा काढल्या. विनू मंकडांनी सामन्यात १२ बळी घेतले आणि १९३२ पासून कसोटी खेळणाऱ्या भारताला पहिला विजय मिळाला.

आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये सारे उलटे झाले. चार कसोटींतील सात डावांत मिळून धावा अवघ्या ४३! नवखा ट्रूमन आग ओकत होता. उम्रीगर लेगच्या बाजूला सरकतात, हे साऱ्यांनी पाहिले. याच दौऱ्यात इतर सामने धरून त्यांनी सोळाशेच्या वर धावा केल्या, हे मात्र कुणी लक्षात ठेवले नाही. परीक्षेत एकदा नापास झालेल्या मुलाला घरचे लोक आयुष्यभर तोच निकाल ऐकवतात ना, तसेच हे झाले.

उम्रीगरांनी उत्तर दिले ते बॅटने. पुढच्याच मोसमात वेस्ट इंडीजमध्ये ५६० धावा, दोन शतके. १९५५ मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३ धावा. कसोटीतले हे भारतीयाचे पहिले द्विशतक. १९५९ मध्ये पुन्हा इंग्लंड. समोर ट्रूमन होताच. मँचेस्टरला उम्रीगरांनी ११८ धावा केल्या.

मैदानाबाहेरही हा माणूस मागे सरकणारा नव्हता. त्यांनी आठ कसोटींत भारताचे नेतृत्व केले. १९५८-५९ मध्ये मद्रास कसोटीच्या तोंडावर जसू पटेल यांना संघात घेण्याचा आग्रह वरून झाला, तेव्हा त्यांनी कर्णधारपद सोडले. पण संघ सोडला नाही. पुढच्याच मोसमात कानपूरला याच जसू पटेलांनी ऑस्ट्रेलियाचे १४ बळी घेतले. दुसऱ्या डावात त्यांच्या जोडीला ४ बळी घेणारा गोलंदाज होता पॉली उम्रीगर! वाद वादाच्या जागी, खेळ खेळाच्या जागी.

खरी कसोटी १९६२ ची. बार्बाडोसला ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मरणाच्या दारात पोहोचले. त्यांना रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, तसे उम्रीगरही होते. अशा धास्तावलेल्या संघाचे नेतृत्व एकवीस वर्षांच्या पतौडींकडे आले आणि छत्तीस वर्षांचे उम्रीगर निमूटपणे त्यांच्या हाताखाली खेळले. पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत त्यांनी पाच बळी घेतले, पहिल्या डावात ५६ धावा केल्या. भारतावर फॉलोऑनची नामुष्की आली, तेव्हा वेस हॉलसारख्या तोफखान्यासमोर नाबाद १७२ धावा! सामना भारत हरला. पण हा माणूस वेगाला भितो, असे त्या दिवसानंतर कोणत्या तोंडाने म्हणावे?

पुढची कसोटी ही त्यांची अखेरची ठरली. ५९ कसोटी, ३,६३१ धावा, १२ शतके. तिन्ही बाबतींत ते तेव्हा भारतीयांत पहिले होते. त्यांचा धावांचा विक्रम गावस्करांनी मोडेपर्यंत टिकला. नंतर ते संघाचे व्यवस्थापक झाले, निवड समितीचे अध्यक्ष झाले. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वर्षातल्या सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूला क्रिकेट मंडळ जो पुरस्कार देते, तो त्यांच्याच नावाचा आहे.

पार्क मैदानावर आजही मुले खेळतात. आईबाप कडेला उभे राहून पाहतात. एखादा पोरगा वेगवान चेंडूला बिचकला, तर त्याला हसू नका. त्याला उम्रीगरांचे ते ४३ जरूर सांगा. पण १७२ सांगितल्याशिवाय थांबू नका.