मुक्तिबोध : आत्मप्रतिमेची साधना

स्वतःचाच चेहरा पुनःपुन्हा रंगविणारा चित्रकार एका अर्थी स्वतःची साक्ष काढीत असतो. रेम्ब्राँने ही साधना सुमारे चाळीस वर्षे केली. आधुनिक हिंदी साहित्यात तिचे शब्दरूप पाहावयाचे तर गजानन माधव मुक्तिबोधांकडेच वळावे लागते. घरात मराठी बोलणाऱ्या या कवीने आपली आत्मप्रतिमा हिंदीत रेखाटली. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मात्र मराठीचे कवी व समीक्षक झाले. एकाच घराने दोन साहित्यांना दिलेले हे देणे तौलनिक अभ्यासकाने अवश्य ध्यानात घ्यावे असे आहे.

मुक्तिबोधांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात होते. १९३८ मध्ये इंदूरच्या होळकर महाविद्यालयातून ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी शांताबाईंशी विवाह केला. १९४३ मध्ये ‘तार सप्तक’मधील सात कवींत त्यांची गणना झाली; परंतु उपजीविकेची चिंता सुटली नाही. शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर अशी वणवण करीत कधी शिक्षक, कधी पत्रकार, कधी आकाशवाणीतील नोकर म्हणून त्यांनी संसार रेटला.

या ओढाताणीतच त्यांनी ‘एक साहित्यिक की डायरी’ हे लेखन आरंभिले. नाव डायरीचे असले तरी तीत दिनक्रमाची नोंद नाही. लेखक स्वतःसमोर एक मित्र उभा करतो, त्याच्याशी वाद घालतो आणि त्या वादातून स्वतःस तपासतो. ‘तीसरा क्षण’ या लेखात कलानिर्मितीचे तीन क्षण सांगितले आहेत : उत्कट अनुभवाचा पहिला; तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून कल्पनारूप धारण करतो तो दुसरा; आणि त्या कल्पनारूपास शब्द लाभतात तो तिसरा. स्वतःपासून असे अलग झाल्यावाचून स्वतःचे चित्र काढता येत नाही, हे या विवेचनाचे मर्म होय.

१९५८ मध्ये रायपूरच्या पश्चिमेस असलेल्या राजनांदगाव येथील दिग्विजय महाविद्यालयात ते अध्यापक झाले. जुन्या राजवाड्याच्या, तळ्याकाठच्या परिसरात त्यांना काहीसे स्थैर्य लाभले. ‘अंधेरे में’ ही दीर्घ कविता याच काळात पूर्णत्वास गेली. काळोख्या खोलीत कुणी अदृश्य पुरुष फेऱ्या घालतो, दाराची कडी वाजवितो. तो आपल्याच अपुऱ्या राहिलेल्या सामर्थ्याचे पूर्णरूप आहे हे निवेदक जाणतो. तरी दार उघडावयास तो कचरतो. पुढे मध्यरात्रीच्या मिरवणुकीत लष्करी अधिकारी, मंत्री, उद्योगपती, विद्वान आणि कवी एका कुप्रसिद्ध गुंडासह चालताना त्याला दिसतात. येथे व्यक्तीचा आरसा समाजाचा आरसा होतो. आपल्या भ्याडपणाचा शोध घेणाऱ्यासच सत्तेचा चेहराही दिसतो.

१९६२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली. हा आघात त्यांच्या जिव्हारी लागला. १९६४ च्या आरंभी त्यांना पक्षाघाताने गाठले आणि ११ सप्टेंबर रोजी दिल्ली येथे, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्याच वर्षी निघाला. तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९८० मध्ये नेमिचंद्र जैन यांनी संपादिलेली सहा खंडांची रचनावली प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांच्या लेखनाचा समग्र विस्तार वाचकांपुढे आला. कविता, कथा, डायरी आणि समीक्षा या सर्वांतून तोच एक चेहरा पुनःपुन्हा रेखाटला गेला आहे, आणि कोणत्याही रेखाटनात कवीने स्वतःस सवलत दिलेली नाही.