विश्लेषण : जंतू न पाहता कॉलऱ्याचे मूळ कसे सापडले? कोण होते डॉ. जॉन स्नो?

लंडनच्या सोहो भागातील ब्रॉड स्ट्रीट परिसरात ३१ ऑगस्ट १८५४ च्या रात्री कॉलऱ्याची, म्हणजेच पटकीची साथ उसळली. पहिल्या तीन दिवसांतच शंभराहून अधिक माणसे दगावली आणि साथ ओसरेपर्यंत मृतांची संख्या ६०० च्या पुढे गेली. रोग कशामुळे होतो हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. तरीही एका डॉक्टरने थेट रस्त्यावरच्या पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले.

कोण होते जॉन स्नो?

स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी यॉर्कमधील एका मजुराच्या घरात झाला. नऊ भावंडांत ते थोरले. वयाच्या १४ व्या वर्षी त्यांनी न्यूकॅसल येथे एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारी सुरू केली. १८३१-३२ मध्ये इंग्लंडमध्ये कॉलरा आला, तेव्हा या कोवळ्या पोराला कोळसा खाणीतील आजारी कामगारांवर उपचार करण्यासाठी पाठवण्यात आले. खाणीत शौचालय नसे, हात धुण्याची सोय नसे आणि कामगार तिथेच बसून डबा खात. हे निरीक्षण पुढे त्यांच्या सिद्धान्ताचा भाग झाले.

हवेवर त्यांचा विश्वास का नव्हता?

कॉलरा दुर्गंधीयुक्त हवेतून पसरतो, असे त्या काळी बहुतेक डॉक्टर मानत. स्नो मात्र वायूंचेच जाणकार होते. ईथर आणि क्लोरोफॉर्मची मात्रा मोजून देण्यात त्यांचा हातखंडा होता. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरिया यांच्या प्रसूतीवेळी क्लोरोफॉर्म देण्यासाठी त्यांनाच बोलावण्यात आले. त्यांचा प्रश्न साधा होता. विष हवेत असेल तर पहिला तडाखा फुप्फुसांना बसायला हवा. मग आजार पोटापासून का सुरू होतो? रोगाचे कारण तोंडावाटे शरीरात जाते, आतड्यांत वाढते आणि रुग्णाच्या मलातून पाण्यात मिसळते, अशी मांडणी त्यांनी १८४९ मध्ये केली. ती फारशी कोणी मनावर घेतली नाही.

ब्रॉड स्ट्रीटवर नेमके काय घडले?

स्नो यांनी मृतांची यादी मिळवली आणि घरोघरी चौकशी केली. बहुतेक मृत्यू एकाच पंपाच्या आसपास झाले होते. खरी किंमत होती ती अपवादांना. जवळच्या गरिबांच्या आश्रयगृहात (वर्कहाऊस) ५०० हून अधिक लोक राहत असूनही तिथे मोजकेच दगावले, कारण त्यांची स्वतःची विहीर होती. शेजारच्या बिअर कारखान्यातील कामगारही वाचले. त्यांना प्यायला बिअर मिळे. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक महिला दगावली. तिला या पंपाच्या पाण्याची चव आवडत असल्याने ते रोज घरी पोहोचवले जाई.

८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढण्यात आला. मात्र त्यामुळेच साथ थांबली, हे पूर्ण खरे नाही. घाबरलेले लोक आधीच परिसर सोडून गेले होते आणि साथ ओसरू लागली होती. स्नो यांनीही हे मान्य केले होते.

मोठा पुरावा कोणता?

दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांच्या जलवाहिन्या एकाच रस्त्यावरून जात. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उपसण्याची जागा थेम्सच्या वरच्या, स्वच्छ भागात हलवली होती. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी मात्र सांडपाणी मिसळलेले पाणीच देत होती. हवा तीच, वस्ती तीच, फरक फक्त पाण्याचा. आपल्याकडे कोणाचे पाणी येते हे अनेकांना ठाऊक नव्हते. तिथे स्नो यांनी पाण्यातील मिठाच्या प्रमाणावरून कंपनी ओळखली. १८५४ च्या साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे मृत्यू होते साउथवर्ककडे ३१५, तर लॅम्बेथकडे ३७.

मग मान्यता का मिळाली नाही?

सरकारी आरोग्य मंडळाच्या समितीने त्यांचा निष्कर्ष फेटाळला. पक्षाघाताच्या झटक्यानंतर १६ जून १८५८ रोजी, अवघ्या ४५ व्या वर्षी स्नो यांचे निधन झाले. ‘लॅन्सेट’मधील छोट्याशा मृत्युलेखात कॉलऱ्याचा उल्लेखही नव्हता. इटलीतील फिलिपो पाचिनी यांनी १८५४ मध्येच हा जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता, पण तेही दुर्लक्षित राहिले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कोलकात्यात केलेल्या संशोधनानंतर जंतूचे नाव जगभर झाले.

आज याचे महत्त्व काय?

शरीरातील पाणी झपाट्याने कमी होऊन रक्त घट्ट होते, हेही स्नो यांनी ओळखले होते. आजचा उपचार ती झीज भरून काढण्याचाच आहे. बहुतेकांना ओआरएस पुरते, गंभीर रुग्णांना शिरेवाटे सलाइन द्यावे लागते. वेळेत उपचार मिळाल्यास मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या खाली राहते. साथ रोखण्याचा मार्ग मात्र स्नो यांनी दाखवला तोच आहे : पिण्याचे पाणी आणि सांडपाणी एकमेकांत मिसळू न देणे.