विश्लेषण : मदर कॅब्रिनी कोण होत्या? परदेशात तुटू पाहणारी पिढी त्यांनी धर्मग्रामाशी कशी जोडून ठेवली?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाखो इटालियन अमेरिकेत उतरले. बहुतेक सगळे कॅथलिक. पण तिथल्या कॅथलिक चर्चमध्येच त्यांना जागा नव्हती, आणि त्यांची मुले तर चर्चपासून पूर्ण तुटण्याच्या बेतात होती. ती पिढी टिकवण्याचे काम फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी या धर्मभगिनीने अंगावर घेतले. अमेरिकी नागरिक असलेल्या पहिल्या संत म्हणून त्या ओळखल्या जातात.

नावात ‘झेवियर’ कसे आले?

कॅब्रिनी यांचा जन्म १५ जुलै १८५० रोजी उत्तर इटलीतील लोम्बार्डी प्रांतात, सांतांजेलो लोदिजानो या गावी शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणी त्या कागदी होड्यांत फुले ठेवून पाण्यात सोडत. ती फुले म्हणजे दूरदेशी निघालेले मिशनरी, असा तो खेळ. असेच एकदा त्या पाण्यात पडल्या आणि पाण्याची धास्ती मनात कायमची बसली. पुढे त्यांनी शिक्षिकेची पात्रता मिळवली, पण तोळामासा प्रकृतीमुळे धर्मभगिनींच्या संघात प्रवेश नाकारला गेला. अखेर १८८० मध्ये कोदोन्यो येथे त्यांनी स्वतःचाच संघ स्थापन केला.

‘झेवियर’ हे नाव त्यांनी घेतले ते संत फ्रान्सिस झेवियर यांच्यावरून. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिकात ज्यांचे अवशेष जतन केले आहेत, तेच हे संत. झेवियर चीनमध्ये जायला निघाले होते, पण १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर त्यांचा मृत्यू झाला. कॅब्रिनी यांनाही चीनलाच जायचे होते. मात्र पोप तेरावे लिओ यांनी त्यांना पूर्वेऐवजी पश्चिमेला, अमेरिकेत जायला सांगितले.

अमेरिकेत नेमकी अडचण काय होती?

१८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत आले. त्यांतले बरेचसे दक्षिण इटलीतले भूमिहीन शेतकरी. न्यूयॉर्कच्या दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत एकेका खोलीत अख्खे कुटुंब राहत असे. बांधकाम, खाणी, रेल्वेमार्ग अशी अंगमेहनतीची कामे त्यांच्या वाट्याला आली.

कॅथलिक चर्चचा कारभार चालतो तो धर्मग्राम, म्हणजेच पॅरिश या एककावर. जन्मापासून अंत्यविधीपर्यंतचे संस्कार, मुलांचे धर्मशिक्षण, अडीअडचणीला मदत हे सारे तिथूनच होते. न्यूयॉर्कमधील धर्मग्रामांवर मात्र आधी स्थिरावलेल्या आयरिश समाजाचा वरचष्मा होता. प्रवचन आणि कन्फेशनची भाषा इंग्रजी. अनेक ठिकाणी इटालियनांसाठीची मिस्सा चर्चच्या तळघरात होत असे. शिवाय अमेरिकेत चर्च चालायचे ते लोकवर्गणीवर. इटलीत अशी सवय नव्हती आणि मजुराच्या खिशात पैसाही नव्हता. त्यामुळे हे लोक चर्चला काही देत नाहीत, असा शिक्का त्यांच्यावर बसला.

मोठी माणसे घरात संताची तसबीर लावून श्रद्धा जपत. मुलांपुढचा पेच वेगळा होता. इंग्रजी शाळेत आईबापांच्या भाषेची लाज वाटायची आणि चर्चमध्ये तर परकेपणच. अशी मुले एकदा धर्मग्रामापासून सुटली की परत येण्याचा रस्ताच उरत नव्हता. हे धोक्याचे लक्षण इटलीतील पिआचेंझाचे बिशप जोव्हान्नी बाप्तिस्ता स्कालाब्रिनी यांनी हेरले. त्यांनी १८८७ मध्ये स्थलांतरितांसाठी धर्मगुरूंचा संघ काढला आणि कॅब्रिनी यांनाही या कामाची गळ घातली.

सुरुवातीलाच परत जाण्याचा सल्ला का?

३१ मार्च १८८९ रोजी कॅब्रिनी सहा भगिनींसह न्यूयॉर्कला पोहोचल्या. राहण्याची सोय झालेली नव्हती. पहिली रात्र त्यांनी एका गलिच्छ भाड्याच्या खोलीत काढली. दुसऱ्या दिवशी आर्चबिशप मायकेल कॉरिगन यांनी त्यांना इटलीला परत जाण्याचा सल्ला दिला, कारण नियोजित अनाथाश्रमाबाबत त्यांचा आणि देणगीदार काउंटेस चेस्नोला यांचा वाद झाला होता. कॅब्रिनी यांनी आपण पोपच्या आदेशाने आल्याचे नम्रपणे सांगितले आणि त्या राहिल्या. काही आठवड्यांतच अनाथाश्रम सुरू झाला. त्यासाठी भगिनी इटालियन वस्तीत दारोदार फिरून मदत गोळा करत.

मुलांना जोडून ठेवण्याची पद्धत कोणती?

पहिले सूत्र भाषेचे. इटालियन वस्तीतील सेंट जोआकिम धर्मग्रामात भगिनींनी मुलांना शिकवायला सुरुवात केली. शाळेला स्वतंत्र इमारत नव्हती, म्हणून वर्ग चर्चमध्येच भरत. त्यांच्या शाळांत इंग्रजीबरोबर इटालियनही शिकवली जाई. इंग्रजीशिवाय पोट भरणार नव्हते आणि इटालियनशिवाय आईशी बोलणे तुटणार होते.

दुसरे सूत्र म्हणजे लोक येण्याची वाट न पाहणे. भगिनी घरोघरी जात, तुरुंगात जात. कोलोरॅडोमध्ये तर त्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांपर्यंत पोहोचल्या. न्यू ऑर्लिन्समध्ये १८९१ साली जमावाने ११ इटालियनांना ठार केले होते. दुसऱ्याच वर्षी कॅब्रिनी यांनी त्या शहरात काम उभे केले. शिकागोत १८९९ मध्ये असम्प्शन धर्मग्रामाची शाळा सुरू झाली.

तिसरे सूत्र गरजेचे. आजारी माणसाला आपली भाषा समजणारे रुग्णालय हवे होते, म्हणून १८९२ मध्ये न्यूयॉर्कला रुग्णालय निघाले. कोलंबसच्या सफरीचे ते ४०० वे वर्ष. रुग्णालयाला त्याचेच नाव दिल्याने चर्चवर नाराज असलेले इटालियनही ते आपले मानू लागले. शिकागोतील रुग्णालयासाठी जागा घेताना विक्रेते फसवत असल्याचा संशय आल्यावर भगिनींनी पहाटे दोरीने जमीन मोजून काढली, अशी आठवण सांगितली जाते.

त्यांच्या कामाचे फलित काय?

पाण्याची धास्ती असलेल्या या बाईंनी २० हून अधिक वेळा अटलांटिक ओलांडला. १९०९ मध्ये सिएटल येथे त्यांनी अमेरिकी नागरिकत्व घेतले. २२ डिसेंबर १९१७ रोजी शिकागोत त्यांचे निधन झाले. आदल्या दिवशीच त्या मुलांसाठी नाताळचा खाऊ बांधत होत्या. तोवर अमेरिका, युरोप आणि लॅटिन अमेरिकेत मिळून ६७ संस्था उभ्या राहिल्या होत्या. ७ जुलै १९४६ रोजी त्यांना संतपद जाहीर झाले आणि १९५० मध्ये स्थलांतरितांच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित करण्यात आले. कोलोरॅडो राज्याने २०२० मध्ये कोलंबस दिनाऐवजी कॅब्रिनी दिनाची सार्वजनिक सुटी सुरू केली.

आज त्यांची आठवण का?

स्थलांतरितांनी नव्या देशात लवकर मिसळून जावे की आपली भाषा जपावी, हा वाद आजही जगभर सुरू आहे. कॅब्रिनी यांनी मुलांना यातली निवड करायला लावली नाही. स्वतः अमेरिकी नागरिक होऊनही त्यांनी इटालियन सोडली नाही, आणि तळघरात बसवलेल्या लोकांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत हाक मारणारे कोणीतरी चर्चच्या दारात उभे राहील याची तजवीज केली. मुले धर्मग्रामाशी जोडलेली राहिली ती उपदेशाने नव्हे. शाळा, दवाखाना आणि घरी येणाऱ्या माणसामुळे.