बेगम रोकेया : स्वप्न आणि शाळा

विज्ञानकथा म्हटली की ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स आणि आपले डॉ. जयंत नारळीकर आठवतात. पण १९०५ साली, राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला दोनच वर्षे झालेली असताना, पडद्यात वाढलेल्या एका बंगाली स्त्रीने विज्ञानकथा लिहिली होती. स्त्रीशिक्षणाच्या कार्यामुळे बंगाल ज्यांना आजही मानतो, त्या बेगम रोकेया सखावत हुसेन यांची ही दुसरी ओळख आपल्याकडे फारशी कुणाला नाही.

रोकेया यांचा जन्म १८८० साली रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद या गावी जमीनदार घराण्यात झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. घरात मुलींना बंगाली आणि इंग्रजी शिकण्यास मनाई होती. रात्री सारे झोपले की थोरले बंधू इब्राहिम मेणबत्तीच्या उजेडात त्यांना इंग्रजी शिकवीत. बंगालीची गोडी थोरली बहीण करीमुन्निसा यांनी लावली. पुढे भागलपूरचे डेप्युटी मॅजिस्ट्रेट सखावत हुसेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ते बिजवर होते, वयानेही बरेच मोठे. पण पत्नीच्या लेखनाचे त्यांना मनापासून कौतुक होते.

एकदा पती दौऱ्यावर असताना रोकेयांनी इंग्रजीत 'सुलतानाज ड्रीम' ही कथा लिहिली. परतल्यावर पतीने ती उभ्या उभ्याच वाचून काढली. मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये ती छापून आली. कथेतल्या स्त्रीराज्यात पुरुष घरात पडद्यात राहतात आणि कारभार स्त्रिया पाहतात. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, शेते विजेवर नांगरली जातात, पाणी थेट ढगांतून उतरवले जाते आणि प्रवास हवेतल्या गाडीतून होतो. हे सारे शोध स्त्रियांच्या विद्यापीठांनी लावलेले. शत्रूचे सैन्य चालून येते, तेव्हा त्यालाही एकवटलेल्या सूर्यकिरणांनीच परतवले जाते.

१९०९ मध्ये पती वारले. त्यांनी ठेवलेल्या पैशातून रोकेयांनी भागलपूरला पाच मुलींची शाळा काढली. घरच्या वादामुळे त्यांना ते गाव सोडावे लागले. १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात वलीउल्ला गल्लीत, आठ मुलींना घेऊन, पतीच्या नावाची शाळा पुन्हा उभी राहिली.

कथेत हवाई गाडी उडवणाऱ्या या लेखिकेला शाळेसाठी मात्र चहूबाजूंनी बंद मोटार ठेवावी लागली, कारण पडदा मोडला तर पालक मुली पाठवणार नव्हते. आत गुदमरून मुलींना चक्कर येई, उलट्या होत. म्हणून खिडक्या उघडून पडदे लावले, तर ते वाऱ्याने उडतात म्हणून धमकीची पत्रे आली! रोकेया स्वतःही बुरखा घेत. ही तडजोड त्यांना सलत होती. 'अवरोधवासिनी' या पुस्तकात पडद्यापायी झालेल्या हालांचे किस्से त्यांनी बोचऱ्या विनोदाने सांगितले आहेत. पण मुलगी वर्गात येऊन बसणे त्यांना अधिक मोलाचे वाटले.

९ डिसेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. स्त्रियांच्या हक्कांवरचा एक लेख टेबलावर अर्धवट राहिला होता. सूर्यचुली आणि विमाने आता नवलाची राहिलेली नाहीत. कोलकात्यातील सखावत मेमोरियल शाळा मात्र आजही भरते, आणि तिथे मुली विज्ञान शिकतात.