लेवेनहुक: दोन्ही प्रकारच्या पेशी पाहणारा कापड व्यापारी

फोनच्या मॅक्रो मोडने मुंगीचे पाय दिसतात, पण बॅक्टेरिया काही दिसत नाहीत. ते पहिल्यांदा पाहिले अँटनी व्हान लेवेनहुक यांनी. आज मी त्यांची गोष्ट सांगतो, कारण आदिकेंद्रकी (प्रोकॅरिऑटिक) आणि दृश्यकेंद्रकी (युकॅरिऑटिक) पेशींमधला फरक मला तिच्यातून सगळ्यात सोपा वाटतो.

जन्म १६३२, नेदरलँड्समधलं डेल्फ्ट शहर. धंदा कापडाचा. कॉलेजशिक्षण नाही, भाषा फक्त डच. पण भिंगं बनवण्यात हात पक्का! त्यांच्या आज शिल्लक असलेल्या सूक्ष्मदर्शकांपैकी सर्वात चांगला सुमारे २७० पट मोठं दाखवतो, तोही एकाच इवल्याशा भिंगातून.

१६७४ मध्ये त्यांनी तळ्याचं पाणी तपासलं. त्यात शेवाळ होतं आणि वळवळणारे आदिजीव. या दृश्यकेंद्रकी पेशी. यांचा डीएनए पटलाने वेढलेल्या केंद्रकात असतो आणि बहुतेकांत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात. आकार साधारण ५ ते १०० मायक्रोमीटर.

१६७६ मध्ये त्यांनी याहून बारीक जीवांबद्दल लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. तिथे कुणाला खरंच वाटेना. सगळी पत पणाला लागली. मग त्यांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्या लोकांच्या साक्षी पाठवल्या. १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी स्वतः प्रयोग करून ते जीव पाहिले, आणि १६८० मध्ये लेवेनहुक सोसायटीचे फेलो झाले.

१६८३ मध्ये त्यांनी दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली घेतला. त्यात होते बॅक्टेरिया, म्हणजे आदिकेंद्रकी पेशी. यांत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. डीएनए पेशीद्रवातच असतो. आकार बहुधा १ ते १० मायक्रोमीटर. पेशीपटल आणि रायबोझोम मात्र दोन्ही प्रकारांत असतात.

लेवेनहुकना हे सगळे चिमुकले प्राणीच वाटले. दोन गटांची नावं एडुआर्ड शातों यांनी १९२५ च्या सुमारास दिली. या फरकावर आज जीव वाचतात: पेनिसिलिन बॅक्टेरियाची पेशीभित्तिका बनू देत नाही. आपल्या पेशींना ती भित्तिकाच नसते, म्हणून त्या बचावतात.

एक गोष्ट मात्र मला खटकते. उत्तम भिंगं बनवण्याची आपली पद्धत त्यांनी कुणालाच सांगितली नाही. १७२३ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी ते गेले, आणि त्यांच्या तोडीची भिंगं पुढे बराच काळ कुणाला जमली नाहीत. म्हणून म्हणतो, चांगलं काही कळलं की शेअर करत जा!